मोकळ्या हाताचा रामराम

सायकलीवरून जाणाऱ्या दोन माणसांनी रस्त्यात एकमेकांना ओलांडताना आधी कोणी बोलावे, किती अंतरावरून बोलावे आणि काय बोलावे, हा प्रश्न ज्यांना क्षुल्लक वाटत असेल त्यांनी आमच्या गोंडपिपरी तालुक्यातील रस्त्यांवर, विशेषतः कोठारीच्या जंगलातून येणाऱ्या किंवा धाब्यावरून वर्धा नदीच्या काठी पोडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर पावसाळ्यात एक फेरी करून पाहावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करीत असताना आणि सेवानिवृत्तीनंतरही माझा बहुतेक प्रवास सायकलीवरच झाला. त्या प्रवासात जे थोर-लहान लोक भेटले त्यांच्या वागण्यावरून हा रिवाज माझ्या अंगी आला, आणि आता तो बोलून दाखवणारी माणसे कमी होत चालल्यामुळे तो लिहून ठेवावा असे मनाने घेतले आहे.

प्रथम अंतराविषयी. ताशी १२ किलोमीटर या बेताच्या चालीने समोरासमोर येणाऱ्या दोन सायकली परस्परांच्या जवळ येतात त्या मात्र ताशी २४ किलोमीटरच्या वेगाने, आणि त्यामुळे त्यांच्यातील ३० मीटरांचे अंतर चार-साडेचार सेकंदांत सरते. एवढ्या अवकाशात एक अभिवादन, त्याचे प्रत्युत्तर आणि एखादी खबर मावते. ‘रामराम जी, नाला उतरला’ एवढे बोलून होते. घरची खुशाली, पोरीचे लग्न, तहसिलीतल्या अर्जाचे काय झाले, हे विचारायचे असेल तर पाय टेकून उभेच राहिले पाहिजे, कारण अर्धा प्रश्न वाऱ्यावर सोडून पुढे निघून जाणारा माणूस समोरच्याच्या मनाला दिवसभराची रुखरुख लावून जातो. हात उंचावून केलेला नमस्कार दिसायला शोभिवंत असला तरी हँडलवरचा हात हा ब्रेकचा हात आहे, आणि मुरूम पसरलेल्या उतारावर तो काढून घेणारा स्वतःबरोबर समोरच्यालाही संकटात घालतो. म्हणून अभिवादन कंठाने करावे, कंठ कोरडा पडला असेल तर मान लववून करावे. घंटी वाजवावी ती पाठीमागून येणाऱ्याने. समोरून येणाऱ्यावर घंटी वाजवणे म्हणजे ‘वाट सोड’ असा हुकूम फर्मावणे होय, आणि तसा अंमल रस्त्यावर कोणाचाही चालत नाही.

शब्द कोणता वापरावा याबद्दल आमच्याकडे कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही, आणि या मुलखाचा मला त्याबद्दल अभिमान वाटतो. येथे एकाच रस्त्यावर सकाळच्या प्रहरी ‘रामराम’ ऐकू येतो, गोंड बांधवांचा ‘जोहार’ आणि ‘जय सेवा’ ऐकू येतो, ‘जय भीम’ ऐकू येतो, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या उपासकांचा ‘जय गुरु’ ऐकू येतो, आणि पोडशापलीकडून येणारा तेलुगू भाषक ‘नमस्ते अण्णा’ म्हणतो. ज्याने ज्या शब्दाने हाक घातली त्याला त्याच शब्दाने उत्तर द्यावे, एवढाच दंडक. आपली श्रद्धा कोणती हे त्या चार सेकंदांत सांगत बसण्याचे प्रयोजन नसते. समोरच्याच्या श्रद्धेला आपल्या तोंडून क्षणभर वाट करून देणे मात्र सहज साधते.

परंतु खरा प्रश्न आधी कोणी बोलायचे हा आहे, आणि त्याची मुळे फार खोल गेलेली आहेत. मध्यप्रांताच्या अमदानीत आमच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात मालगुजारी होती. त्या काळी सायकल असे ती मालगुजाराच्या घरी, मास्तराकडे, टपालवाल्याकडे किंवा जंगल खात्याच्या नाकेदाराकडे, म्हणजे ज्याच्या हाती थोडाबहुत अंमल होता त्याच्याकडे. पायी चालणाऱ्याने कडेला होऊन उभे राहावे आणि सायकलवाल्याला आधी वंदन करावे, कनिष्ठाने सायकलीवर असल्यास वरिष्ठासमोर उतरून ती हाती धरावी, अशी रीत होती, व वडीलधाऱ्यांनी आम्हाला ती कोणतीही तक्रार न करता सांगितली. वंदन हे दर्जाचे देणे होते आणि ते खालून वर जाई. संत चोखामेळ्यांच्या आणि एकनाथांच्या रचनांतला ‘जोहार’ ज्याने वाचला आहे त्याला हे देणे कोणाकडून किती शतके वसूल होत होते हे वेगळे सांगायला नको.

पुढे जे घडले ते पाच-सहा वर्षांत घडले. १९५१ साली तेव्हाच्या मध्यप्रदेशातील, म्हणून आमच्याकडचीही, मालगुजारी संपुष्टात आली. त्याच वर्षी सोनीपतला अ‍ॅटलस सायकलीचा कारखाना सुरू झाला, १९५६ मध्ये लुधियानाच्या हीरोने सायकली बनवण्यास आरंभ केला, आणि त्याच १९५६ च्या १६ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. या घटना एकमेकींच्या कारण नव्हत्या, हे मी जाणतो. तथापि पुढच्या दोन-तीन दशकांत सायकल जेव्हा शेतमजुराच्या, ढिवराच्या आणि बुरडाच्या दारी येऊन उभी राहिली, तेव्हा ज्याला दर्जापोटी आधी वाकायला लावावे असा माणूस रस्त्यावर उरला नव्हता, आणि जो होता त्याने वाकण्याचे नाकारले होते. जुनी रीत गेली, आणि तिच्या जागी जी आली ती कोणत्याही कायद्याने किंवा परिपत्रकाने आणलेली नाही. ती अशी, की ज्याच्या सायकलीवर ओझे कमी, त्याने आधी बोलावे.

या नियमाची निकड ज्याला पाहायची असेल त्याने बांबू घेऊन येणारा बुरड पाहावा. वनविभागाच्या डेपोतून मिळालेला हिरवा बांबू तो सायकलीच्या दोन्ही बाजूंना लांबीने बांधतो. बांबूचे शेंडे मागे हातभर नव्हे, चांगले पुरुषभर लोंबत असतात आणि खड्ड्यागणिक जमिनीला घासतात. सायकल चालवण्याचा प्रश्न नसतो, ती ढकलायची असते. डावा हात हँडलवर, उजवा सीटवर, खांदा पुढे टाकलेला आणि नजर पुढच्या चाकापासून दहा पावलांवर खिळलेली. हँडल एका बाजूला चार बोटे अधिक वळले की भाराचा तोल जातो, आणि एकदा आडवी पडलेली ही सायकल एकट्याने उभी होत नाही. गाठी सोडून, बांबू उतरवून, पुन्हा पहिल्यापासून बांधावे लागते. या माणसाने मान वर करून आपल्याला आधी रामराम घालावा अशी अपेक्षा धरणे निर्दयपणाचे आहे. रिकाम्या सायकलवाल्याने दुरूनच आवाज द्यावा, आणि त्याहून महत्त्वाचे, डांबर सोडून कडेच्या मुरमावर उतरावे, म्हणजे भाराला गुळगुळीत वाट मिळते. उत्तरादाखल तो नुसता हुंकार देतो, कित्येकदा तोही देत नाही. त्याचा राग धरू नये. त्याने श्वास आपल्यावर खर्च करावा इतके आपण कोणी नसतो.

हाच न्याय पहाटे जर्मनच्या डेगचीत मासळी घेऊन निघालेल्या ढिवराला, आठवडी बाजारासाठी भाजीची पोती लादलेल्या कास्तकाराला, आणि पुढे एक, मागे एक अशी दोन लेकरे घेऊन चाललेल्या बापालाही लागू आहे. चढावरून उतरणाऱ्याने चढणाऱ्याशी आधी बोलावे, वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्याने वाऱ्याला तोंड देणाऱ्याशी आधी बोलावे, हे सारे त्याच एका सूत्राचे विस्तार आहेत. यात वय पाहिले जात नाही. मी स्वतः गुरुजी म्हणून ओळखला जातो आणि लादलेल्या सायकलीवरच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना आधी हाक घालतो. सुरुवातीला त्यांना संकोच वाटे, आता वाटत नाही.

खबरेचा विषय निघाला होता तो पुरा केला पाहिजे. पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा फुगली की आष्टीच्या पुलावरची वाहतूक बंद पडते, आणि इकडे वर्धेच्या पुराचे पाणी मागे फुगून लहानसहान नाल्यांवरचे रपटे बुडवते. आता मोबाइलवर सूचना येतात हे खरे. पण रपट्यावर गुडघाभर पाणी आहे की पोटरीभर, आणि पाण्याखाली डांबर शाबूत आहे की वाहून गेले आहे, हे तेथून नुकताच सायकल खांद्यावर घेऊन आलेला माणूसच सांगू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा हंगाम येतो. पहाटेच्या अंधारात बायामाणसे झाडाखाली वाकून फुले वेचीत असतात, अस्वलालाही तीच फुले हवी असतात, आणि या पट्ट्यात वाघ आहे. कन्हाळगावचे जंगल आता अभयारण्य झाले आहे. त्या दिवसांत जंगलरस्त्यावर मोठ्याने दिलेली हाक समोरच्या सायकलवाल्याइतकीच आडोशाच्या जनावरासाठीही असते, आणि वाकून वेचणाऱ्या बाईला माणूस जवळ असल्याचा भरवसा देते. ‘काय जी, मोडावर काही दिसलं का?’ हा आमच्याकडे त्या महिन्यांत रामरामाचाच उत्तरार्ध आहे, आणि त्याचे उत्तर कोणी उडवून लावीत नाही.

पाठीमागून गाठ पडल्यास शिष्टाचार बदलतो. घंटी एकदाच वाजवावी, उजव्या हाताने बरोबरीला यावे, दोन शब्द बोलावे आणि मग सोबत चालायचे की पुढे जायचे हे ठरवावे. कोणाच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक लावून, त्याच्या पाठीने अडवलेल्या वाऱ्याचा फायदा घेत, मुकाट्याने कोसभर जाणे हे मला चोरीसारखे वाटते. विचारून जावे, आणि थोड्या वेळाने स्वतः पुढे होऊन त्याला आडोसा द्यावा. पुढे बाई किंवा मुलगी असेल तर बरोबरीने चालूच नये. एक घंटी, मोकळे अंतर, आणि पुढे निघून जाणे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्यापासून सकाळी शाळेच्या वेळी रस्त्यावर मुलींच्या रांगा दिसतात, आणि त्यांना पाहून मला तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्याची आठवण होते, जेथे १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया टोमणे सोसून सायकल शिकल्या. आमच्या मुली मास्तर दिसले की जुन्या वळणाने सायकलीवरून खाली उतरत. मी त्यांना तसे करण्यास मनाई केली. सूरजागडचे लोहखनिज वाहणारे अवजड ट्रक ज्या रस्त्याने धावतात त्या रस्त्यावर कोणाच्या मानापोटी एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते. त्यांनी पेडल थांबवू नये, ‘नमस्ते गुरुजी’ म्हणावे आणि नजर रस्त्यावर ठेवावी. गुरूचा मान तेवढ्याने पुरा होतो.

अलीकडे सुटीच्या दिवशी शहराकडून हेल्मेट घातलेले, गियरच्या हलक्या सायकलींवरचे तरुण स्त्री-पुरुष या बाजूला येऊ लागले आहेत. त्यांना पाहून मला आनंद होतो आणि तो मी लपवीत नाही. ते एकमेकांना तळहात दाखवून किंवा अंगठा उंचावून ओळख देतात. इंग्लंडात १८७८ साली सायकलस्वारांचा प्रवासी संघ स्थापन झाला तेव्हापासून हौशी सायकलस्वारांत अशी बिरादरी चालत आलेली आहे. माझे त्यांच्याकडे मागणे एवढेच, की ही ओळख हेल्मेटापाशी थांबू नये. ते बुरडाच्या बाजूने तीरासारखे निघून जातात आणि पुढे शंभर पावलांवर आपल्यासारख्याच पोशाखातल्या अनोळखी माणसाला हात दाखवतात, तेव्हा मनाला लागते. त्यांच्या सायकलीचे वजन दहा-बारा किलो आहे, त्यावर भार म्हणून पाण्याची एक बाटली आहे. आमच्या रिवाजाप्रमाणे पहिला शब्द त्यांच्याकडे येतो. याच जिल्ह्यातील वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे उठले आणि १९८५ च्या अखेरीस शंभराहून अधिक तरुण-तरुणींना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पाठीच्या विकारामुळे बाबांना बसवत नसे, ते गाडीत पडून प्रवास करीत, आणि पोरे पेडल मारीत गावोगाव लोकांशी बोलत जात. चंद्रपूरच्या सायकलस्वाराला दूरचा आदर्श शोधण्याची गरज नाही.

आणि नादुरुस्त सायकल घेऊन कडेला बसलेला माणूस दिसला तर तेथे अंतर, ओझे, वारा यांपैकी कसलाही हिशेब लागू होत नाही. तेथे प्रत्येकाने थांबायचे असते आणि ‘काही लागते का?’ असे विचारायचे असते. माझ्या पिशवीत सोल्युशनची नळी, ठिगळासाठी जुन्या ट्यूबचा तुकडा, खरकागद, पाना आणि हातपंप असतो. पंक्चर काढायला वेळ असेल तर मी थांबतो. शाळेची घंटा व्हायची असे तेव्हा सामान त्याच्या हवाली करून पुढे निघत असे, आणि ‘पुढच्या गावच्या चहाच्या टपरीवर ठेवून दे जी’ एवढे सांगत असे. ज्याच्या हाती दिले त्याचे नाव मी बहुधा विचारीत नसे. संध्याकाळी मी परतताना टपरीवाला पंप माझ्यापुढे धरी. कधी त्यासोबत कोणी ठेवून गेलेले मूठभर टेंभरे असत, आणि ते कोणी ठेवले हे त्यालाही ठाऊक नसे.