वाट आधी कोणी पाहिली

उल्हासनगरला कर्जत लोकलमध्ये चढलो तेव्हा डोक्यात मिसुरी नदी होती. १८०४ साली लुईस आणि क्लार्क अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघाले ते सेंट लुईसजवळून. ते गाव १७६४ मध्ये फ्रेंच व्यापाऱ्यांनी वसवलेलं. मोहिमेचा दुभाषा आणि शिकारी जॉर्ज ड्रुइयार हा फ्रेंच बापाचा, शॉनी आईचा मुलगा. नाव हाकायला एका डोळ्याने अधू असलेला पिएर क्रुझात. रात्री शेकोटीपाशी तोच फिडल वाजवायचा. कातड्यांच्या व्यापारापायी फ्रेंच नावाडी ती नदी आधीपासून ओळखून होते. मोहीम ओळखली जाते ती मात्र दोन साहेबांच्या नावाने.

हाच विचार घोळवत अंबरनाथला उतरलो आणि पूर्वेला रिक्षाने तिथल्या जुन्या शिवमंदिरापाशी गेलो. शेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीची आज दैना झाली आहे, ते बघून जीव तुटतो. आत मात्र काळा दगड अजून बोलतो. मंडपातून गाभाऱ्यात उतरायचं म्हणजे वीसेक पायऱ्या खाली जायचं. अनवाणी पायांना दगड गार लागत होता, कडेला ओले बेल पडले होते.

उत्तरेच्या दारावरच्या तुळईवर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा लेख. इंग्रज सरकारने १८६८ मध्ये देवळाची रेखाचित्रं करवून घेतली, साचे काढले. पण लेख वाचायला बसले ते आपले डॉ. भाऊ दाजी लाड. त्यांनी शक ७८२ वाचलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तीच अक्षरं पुन्हा तपासून ९८२ ठरवलं, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं! या चिकाटीपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

पुन्हा लोकल धरून बदलापूर गाठलं. डोंगर इथे जवळ येतात. हाच रेल्वेमार्ग पुढे बोरघाटाला भिडतो. घाटातली रेल्वे १८६३ ची. घाटाची वाट इंग्रज साहेबाला शिंगरोबा धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली, असं लोक सांगत आले आहेत. कागदावर नाव इंजिनिअरांचं राहिलं, देऊळ मात्र लोकांनी शिंगरोबाचं बांधलं.

जुन्या रस्त्याने घाट चढाल तेव्हा शिंगरोबाच्या देवळापाशी थांबा. आणि मुलांना अंबरनाथला नेलंत तर मुम्मुणीबरोबर भाऊ दाजी आणि भगवानलाल ही नावंही त्यांना सांगा.