घोडनदीच्या काठाने माळीणला

जुलैचा शेवटचा आठवडा. सकाळीच जुन्नर सोडलं. कुकडी मागे पडली, मीना ओलांडली आणि घोडेगावाला घोडनदी भेटली, तांबड्या पाण्याने भरलेली. तिन्ही सह्याद्रीच्या लेकी. तिघींचं पाणी शेवटी भीमेलाच मिळतं.

पुढे डिंभे धरणाचा फुगवटा लागला. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे. ते पाणी बघताना स्वीडन-फिनलंडच्या सीमेवरची टोर्ने नदी आठवली. तिच्यावरचा बर्फ कधी फुटला, याच्या तारखा तिथले लोक 1693 पासून लिहीत आले आहेत. अलीकडे तो पूर्वीपेक्षा लवकर फुटतो. आमच्या घोडनदीवर बर्फ कधीच धरत नाही. हवा तापल्याची खूण इथे पावसात शोधावी लागते.

खाचरांत आवणी चालली होती. इरलं पांघरलेल्या एका आजींना पावसाचं विचारलं.

"पहिली आठ-आठ दिस झड लागायची, बाबा. जमीन निवांत पाणी प्यायची. आता उघडीप, न्हाईतर एकदम धो धो."

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये असंच काहीसं आकड्यांत मांडलं. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे, आणि एका अंशाने तापलेली हवा सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. ते बाष्प घाटमाथ्याला अडतं आणि कोसळतं.

माळीणला उतरलो तेव्हा बोलवेना. 30 जुलै 2014 च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा सुटला आणि 151 माणसं गाडली गेली. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला समोर गावच दिसलं नाही. बाहेर बातमी गेली ती त्याच्यामुळे. उतारावरच्या सपाटीकरणाचीही तेव्हा चर्चा झाली. सगळा दोष पावसावर टाकणं मलाही पटत नाही. पण पाण्याने जड झालेला असा उतार या खोऱ्यात एकच नाही, आणि त्याखाली माणसं राहतात. त्यांना वेळेत सावध करणारी माणसं आणि यंत्रं वाडीवाडीवर हवीत, एवढं मला मनापासून वाटतं.

दुपारी पावसाने जोर धरला. परतीच्या एसटीसाठी आम्ही चौघेपाच जण आडोशाला थांबलो होतो. रस्त्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे ढगात गेलेल्या डोंगराकडे होते.