लाकडाचा पाय

जुन्या वाड्याच्या सोप्यात शिरलं की पाहुण्यांची नजर वर जाते. खांबांची नक्षी, कमानींची महिरप, कडीपाटाची काळी तुकतुकी. माझी नजर खाली जाते, तळखड्याकडे. खांबाखालचा तो घडीव दगड कधी कमळाच्या पाकळ्या ल्यालेला असतो, बहुतेकदा अगदी साधा चौकोनी. त्याच्यावर सागाचा खांब नुसता टेकून उभा. मातीत पुरलेला नाही की चुन्यात रोवलेला नाही. माथ्यावरच्या माळ्याचं ओझंच त्याला जागेवर धरून ठेवतं, आणि पिढ्या जातात.

लाकडाला पाणी वर ओढण्याची खोड झाडपणापासूनचीच. मुळांचं पाणी शेंड्याकडे नेणाऱ्या वाटा झाड तोडल्यावरही त्याच्या अंगात असतात, म्हणून वाशाचं कापलेलं तोंड ओलीला टेकलं की ती भराभर आत चढते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी तिथे तग धरत नाही. त्याच्या फार वर गेला आणि तसाच टिकला, तर सागासारखं लाकूडही कधीतरी हरतं. तळखडा एवढंच करतो की खांबाला भुईच्या ओलीतून उचलून धरतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब घटांतून वर आलेले दिसतात. लाकडी खांब वाळवीपासून वाचवायला भांड्यात उभे करायची रीत असावी आणि दगडात तिचीच आठवण कोरली गेली असावी, असा तर्क केला जातो. मला तो पटतो. इमारतीतल्या लाकडाचं दुखणं बहुधा पायाशी सुरू होतं, हे त्या कारागिरांना ठाऊक नसणं कसं शक्य आहे?

जपानने याचे दोन्ही पाठ जपून ठेवले आहेत. इसे इथल्या देवळाचे खांब थेट जमिनीत रोवतात आणि दर 20 वर्षांनी ते देऊळ शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने उभारतात. गेल्या वेळी 2013 साली उभारलं. उलट होर्युजी मंदिराचा पाच मजली पॅगोडा तेराशे वर्षांच्या आसपास उभा आहे, आणि त्याचे भोवतीचे खांब दगडांवर टेकलेले आहेत. मधला मुख्य खांब मात्र जमिनीत खोल नेला होता. त्याचं झाड 594 साली तोडलं, हे लाकडातल्या वलयांवरून कळलं आहे. 1926 साली त्याच्या बुंध्याशी पाहिलं तर तिथे पोकळी होती. जमिनीखालचा भाग कुजून गेला होता, वरचा खांब शाबूत. एकाच इमारतीत, एकाच पावसात उभ्या राहिलेल्या लाकडांची ही दोन नशिबं.

हे सगळं आज मनात घोळतं, कारण कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर घरोघरी लाकडी डेक होऊ लागले आहेत. झाडांच्या शेंड्यांशी बसून पाऊस बघायचा, किती सुंदर कल्पना! पण खालचे खांब सर्रास खड्ड्यात उभे करून भोवती काँक्रीट ओततात. काँक्रीट म्हणजे कायमचं, असा भाबडा विश्वास. काँक्रीट स्वतःच ओल शोषतं. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, भोवती फट पडते, आणि पावसाळ्याचे चार महिने त्या फटीत पाणी साचून राहतं. ते निघणार कुठून?

खरं तर काँक्रीटचा ठोकळा हा आजचा तळखडाच व्हायला हवा. तो जमिनीपासून चांगला वर यावा, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे लाकडापर्यंत पोचणार नाहीत. त्याच्या माथ्याला बाहेरच्या अंगाला किंचित उतार हवा. त्यातून जस्ताचा जाड मुलामा दिलेली लोखंडी बैठक वर यावी, आणि आडवी तुळई तिच्या सपाट पट्टीवर बसावी, खाली हवा खेळेल एवढी जागा सोडून. तुळई ठोकळ्यावरच ठेवायची असेल, तर निदान मध्ये पाणी न पिणारी पट्टी हवी.

आणि तुळई पुरत्या रुंदीने टेकली पाहिजे. उंची जुळली नाही की कोपऱ्यात लाकडाची चिपटी ठोकायची सवय मला फार खटकते. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जो भार लीलया पेलतं, तो आडवा आला की त्याच्या काही हिश्श्यानेच चेपतं. सगळं वजन त्या बोटभर चिपटीवर आलं की तुळई तिथे दबते, चिपटी आधी कुजते, आणि एके दिवशी फळ्या पायाखाली हलू लागतात. दोन तुळयांचा सांधाही आधारावरच यावा, अधांतरी नको.

वाड्यातल्या खांबाला माळ्याचं ओझं जागेवर ठेवत होतं. डेकच्या माथ्यावर तेवढं ओझं नसतं, त्यामुळे बोल्ट हवेतच. छप्पर असेल तर फारच हवेत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीकडे किती छपरं उचलून नेली, ते तिथल्या माणसांना विचारा. वजन खाली दाबतं तसा वारा वर उचलतो, आणि पायाला दोन्हींचा विचार करावा लागतो.

डेक बांधायला घेतलात तर फळ्या आणि त्यांचा रंग मागाहून ठरवा. आधी गवंडी आणि सुतार या दोघांना एकाच दिवशी बोलवा, ठोकळ्याचा माथा त्यांच्याकडून एकत्र ठरवून घ्या, आणि दोघांचं जमेपर्यंत काँक्रीट ओतू देऊ नका.