परतीची खोली

दिवाळीची सुट्टी लागली की आम्हां प्राध्यापकांच्या घरी विद्यार्थ्यांची एक निराळीच वर्दळ सुरू होते. ही मुले शिफारसपत्र मागायला येतात. परदेशी विद्यापीठांचे बरेचसे अर्ज डिसेंबर-जानेवारीत धाडायचे असतात, त्यामुळे एका हातात चकलीची बशी आणि दुसऱ्या हातात पेन, असा आमचा फराळ चालतो. मराठीच्या मास्तराच्या पत्राला तिकडे कोण विचारणार, असे घरातूनच विचारले जाते आणि तो प्रश्न अगदीच गैरलागू नाही. पण मुले मागतात आणि मी लिहितो. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे, वक्तशीर आहे! शिफारसपत्र हाही अखेर ललित वाङ्मयाचाच एक प्रकार आहे.

तसे पाहिले तर आमच्या कोल्हापुरात परदेशी शिक्षणासाठी पत्रे लिहिण्याची परंपरा फार जुनी आहे. १८७८ साली इथल्या टपाल खात्यातल्या गोपाळराव जोश्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे पत्र पाठवले. मागणे दुहेरी होते : अमेरिकेत आपल्याला काही काम मिळावे आणि बायकोला शिकता यावे. बायको तेव्हा तेरा वर्षांची होती. कोल्हापुरात ती मिशनच्या शाळेत जाई, तर रस्त्याने जाताना लोक तिच्याकडे टकमका बघत. पत्राला उत्तर आले ते एवढेच, की आधी ख्रिस्ती व्हा. पण हा पत्रव्यवहार वाइल्डरसाहेबांच्या मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनात आला. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या त्यांनी ते मासिक चाळले, असे सांगतात. दाढदुखीचे इतके उपकार जगात क्वचितच झाले असतील.

पुढची कहाणी महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. अंगावरचे दागिने विकून, लोकांकडून वर्गणी गोळा करून हा प्रवास घडला. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची मदत दिली. तिथली थंडी, नऊवारी लुगडे, शाकाहाराचा नेम आणि ढासळत चाललेली प्रकृती, हे सगळे सांभाळून त्या ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. साहस म्हणतात ते हेच. मात्र साहसाच्या गोष्टी सांगताना आपण एक तपशील घाईघाईने ओलांडतो. त्यांना परतल्यावर काम कुठे मिळाले होते? कोल्हापूर दरबाराने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची जागा त्यांना देऊ केली होती. आज जे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात आपले सी.पी.आर., तेच ते. ज्या गावाने त्यांच्याकडे टकमका पाहिले त्याच गावाने आठ वर्षांनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली. त्या खुर्चीवर बसायला त्या आल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले; वयाची बावीस वर्षेही पुरी व्हायची होती.

दुसरे पत्र कोल्हापूरहून गेले नाही, कोल्हापूरला आले. त्याची गोष्ट मात्र आधीपासून सांगायला हवी.

१९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दरमहा साडेअकरा पौंड. त्यांतूनच खायचे, जुनी पुस्तके घ्यायची आणि घरीही पाठवायचे. तिथे ग्रंथालयात कोणी जात विचारली नाही, जेवणाच्या मेजावर कोणी पंगत वेगळी मांडली नाही. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी तिथे भारतातील जातींवर निबंध वाचला. मला नेहमी वाटते, की तो निबंध लिहायला ग्रंथांइतकीच त्या मेजाचीही मदत झाली असेल. नाकातोंडात धूर गेलेला असताना चुलीविषयी लिहिता येत नाही. त्यासाठी थोडे अंगणात यावे लागते.

तिथून लंडनला जाऊन, शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून, १९१७ साली ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. नोकरी होती, पण खोली नव्हती! सारे बडोदे धुंडाळून अखेर त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. त्या दिवशी ते काही तास एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. कोलंबियाची विद्या घेऊन आलेला माणूस बागेतल्या झाडाखाली! समुद्र ओलांडणे सोपे ठरले, आपल्याच देशातला उंबरा ओलांडणे जमले नाही.

त्यानंतर कोल्हापूर या गोष्टीत येते. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांना उघडपणे पुढारी म्हणून गौरवले. त्याच वर्षी जुलैत आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. गाठीला स्वतःची शिल्लक, नवल भथेना या मित्राचे कर्ज आणि महाराजांची मदत. लंडनमध्ये सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, रात्री भाजलेले पापड, आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. १९२१ साली पैशांची ओढाताण झाली तेव्हा त्यांनी महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागितले. तेच हे दुसरे पत्र. इकडे परळच्या चाळीत रमाबाई संसार रेटत होत्या. परदेशी शिक्षणाची पदवी एकाच्या नावावर छापली जाते, फी मात्र सारे घर भरत असते.

शाहू महाराजांना खोलीचे महत्त्व चांगले ठाऊक होते. १९०२ साली ते राज्यारोहणसमारंभासाठी विलायतेत होते, तेव्हाच २६ जुलैला कोल्हापुरात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम निघाला. नुसत्या हुकुमाने भागत नाही, हेही त्यांनी ओळखले. खेड्यातले पोर शहरात शिकायला आले तर रात्री पाठ कुठे टेकणार? म्हणून त्यांनी जातोजातींची वसतिगृहे उभारली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघाले.

हे सारे आज आठवायचे कारण माझी एक विद्यार्थिनी. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर. महाराजांच्याच नावाने शासन जी परदेश शिष्यवृत्ती देते, तिच्यावर ती इंग्लंडला गेली. पहिले दोन महिने तिची पत्रे म्हणजे निव्वळ नवलाई : चार वाजताच मावळणारा सूर्य, रात्रभर उघडे ग्रंथालय, प्राध्यापकाला नावाने हाक मारणारी मुले. हे शेवटचे वाचून मी थोडा अस्वस्थ झालो, ते सोडा. पुढे सूर बदलला. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला तेव्हा तिने एका उपाहारगृहात भांडी विसळली. घरी मात्र ‘वाचनालयात काम मिळाले’ असे कळवले. गोऱ्यांनी आडनाव विचारले ते उच्चार नीट जमावा म्हणून. आपल्याकडच्या एका मुलीने दुसऱ्याच दिवशी विचारले ते निराळ्या कारणासाठी. जात विमानात बसते, तिला पारपत्र लागत नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला, ते काही उगीच नव्हे.

गेल्या महिन्यात तिने लिहिले, “सर, इथे भाड्याची खोली दोन दिवसांत मिळाली. बी.ए.ला असताना कोल्हापुरात अडीच महिने लागले होते. घरमालकिणीला स्वयंपाक, वेळ, सगळे पसंत पडायचे. आडनाव सांगितले की खोली आधीच दिलेली असायची.” तक्रारीचा सूर नव्हता. हिशेब मांडावा तसे दोन ओळींत मांडले होते.

परदेशी गेलेल्या मुलांविषयी आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : परत येणार का? आला नाही तर कृतघ्न, आला तर तिकडे जमले नाही वाटते! माझ्या मते तो प्रश्न त्यांना विचारण्याआधी आपल्या गल्लीला विचारावा. तिची पदवी पुढच्या वर्षी पुरी होईल. ती येते म्हणते. मी आजपासूनच ओळखीच्या चार घरमालकांकडे शब्द टाकायला सुरुवात केली आहे. तिचे पूर्ण नाव, आडनावासकट, सांगून. एकाने ‘बघू’ म्हटले आहे. उरलेल्या तिघांकडे या दिवाळीत फराळाला जायचे आहे.