हाकणे आणि हाकलणे

वाचक माउली, आज एका घरच्याच शब्दाचा विचार करू. प्राकृतात ‘हक्क’ म्हणजे ओरडणे, ओरडून मागे सारणे. त्याच कुळातली आपली हाक, आणि हाकणे, हाकारणे, हाकलणे ही तिचीच भावंडे. बोलावणे आणि पिटाळणे एकाच घरात नांदतात.

ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी माळ्यावर चढतो, गोफण फिरवतो, पाखरे हाकतो. खाली उतरला की बैल हाकतो. एकच क्रियापद पाखराला शेताबाहेर काढते आणि बैलाला तासात ठेवते. रिकामा बसलेला माशा हाकतो, आणि संसाराचा गाडा तर आपण सगळेच हाकतो. ‘हाकलणे’ मात्र एकमार्गी. त्यात सोबत नाही, फक्त दूर लोटणे आहे.

पुष्कळ जण विचारतात, ‘‘बुवा, जपाला बसलो की नको ते विचार येतात, ते हाकलायचे कसे?’’ मी सांगतो, हाकलायला जाऊ नका. दिवसभर गोफणच फिरवत बसाल आणि नाम राहून जाईल. बैल तास सोडून बांधाकडे वळला, तर शेतकरी त्याला रानात सोडून देत नाही. कासरा ओढतो आणि पुन्हा तासात आणतो. मनाचेही तसेच. शंभरदा वळले तर शंभरदा नामावर आणावे.

आता दुसरी गोष्ट. पाखरांपासून पीक राखावे लागते, कारण वर्षाची भाकरी त्या कणसांत असते. पण देवाला कोणापासून राखायचे? चोखोबारायांना राऊळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आपण तिथे माथा टेकून मगच आत जातो. पंढरीचे ते दार सर्वांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

नारदाच्या गादीवर उभा असताना मला मंडपाचे दार समोर दिसे. मळक्या कपड्यांचा कोणी पुढे येऊन बसला की एखादा उत्साही सेवेकरी त्याला मागे हाकली. तसे तुमच्यासमोर घडले, तर माउली, वाद घालू नका. आपल्या सतरंजीवर थोडे सरका आणि त्या माणसाला हाक मारा, ‘‘या, इथे बसा.’’ शब्दाचे कूळ तेच आहे. त्यातले कोणते भावंड वापरायचे, ते आपल्या हाती आहे.

रामकृष्णहरी.