हाडापुरती कुऱ्हाड

कोलोरॅडोत राहायला आल्यावर शेजारच्या वयस्क शिकाऱ्याबरोबर मी एल्कच्या शिकारीला जाऊ लागलो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे यातलं सगळं मला इथेच शिकावं लागलं.

एल्क हरणाच्याच कुळातला, पण नर तीनशे किलोच्या घरात जातो. डोंगरात पडला की गाडीपर्यंत ओढून नेता येत नाही. जागेवरच पोट साफ करून तुकडे करायचे, तेही झटपट. कातडी जाड असल्यामुळे ऊब आत कोंडते आणि मांडीच्या हाडालगतचं मांस आधी आंबतं.

गावाकडे जत्रेच्या बकऱ्याला सत्तूर चालतो. मी तोच न्यायचा म्हणत होतो. शेजाऱ्यानं विचारलं, "खाली ओंडका कुठून आणणार?" सत्तुराचा घाव झेलायला खाली लाकूड लागतं, आणि रानात खाली जनावरच असतं. मग छोट्या कुऱ्हाडी पाहायला लागलो.

पातं अर्धा ते पाऊण किलोचं आणि दांडा फूट-सव्वा फुटाचा पुरे. त्याहून जड कुऱ्हाड पाठीवर वाहणं जिवावर येतं. हिकरीचा दांडा हाताला छान बसतो, पण इथल्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि पातं खुळखुळू लागतं. मी दांड्यासकट एकसंध पोलादाची घेतली. हाताला झटका जास्त बसतो, पण ती स्वच्छ धुता येते.

दुकानातून ती बोथटच आली. धार लावायला ग्राइंडर वापरू नका. पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. कुऱ्हाड शिकंज्यात आवळा, चामडी हातमोजे घाला आणि कानस घ्या. धारेच्या कडेला मार्करची शाई फासा. कानस कुठे लागतेय आणि कुठे नाही, ते लगेच दिसतं. कानस पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची. एका बाजूला बोट फिरवल्यावर बारीक खरखरीत कड लागली की दुसरी बाजू घ्यायची. शेवटी तेलाचा दगड गोल गोल फिरवायचा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर ओढून ती कड काढून टाकायची.

धार किती बारीक करायची, हा खरा प्रश्न. आमच्यातल्या एकानं कागद कापेल इतकी पातळ केली होती. कमरेच्या हाडावर पहिल्याच घावात तिचे टवके उडाले आणि पोलादाचा कण मांसात शोधत बसावं लागलं. हाडासाठी दोन्ही बाजू मिळून पस्तीसेक अंशांचा कोन ठेवा.

प्रत्यक्षात कुऱ्हाडीचं काम फार थोडं. कातडी, पोट, सांधे, सगळं सुरीनंच होतं. कुऱ्हाड लागते ती कमरेचं हाड पुढून फोडायला आणि छातीचं मधलं हाड चिरायला. तिथेही घाव घालू नका. कमरेच्या हाडाखाली मूत्राशय आणि आतडी असतात, ती फुटली की आसपासचं मांस नासतं. धार हाडावर टेकवा आणि मागच्या बाजूला लाकडी दांडक्यानं ठोका. पहिल्यांदा ठोकताना माझा हात थरथरत होता. एवढ्या मोठ्या जिवाचं मांस आपल्या हातून वाया जाईल, याची भीती वाटत होती.

पाठीचा कणा मात्र फोडायचा नाही. इथल्या हरणांत आणि एल्कमध्ये एक झिजवणारा रोग आहे, तो १९६७मध्ये कोलोरॅडोतच फोर्ट कॉलिन्सला पहिल्यांदा आढळला. त्याचं मूळ मेंदूत आणि मज्जारज्जूत जास्त असतं आणि शिजवूनही ते नष्ट होत नाही. माणसाला हा रोग झाल्याची नोंद नाही, तरी रबरी हातमोजे घाला आणि कण्यालगतचं मांस सुरीनं सोडवून घ्या. जनावराचं डोकं राज्याच्या वन्यजीव खात्याकडे तपासणीला द्या. निकाल येईपर्यंत ते मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा आणि कुणालाही वाटू नका.