धावा, पण बोलता येईल इतकंच

पोहायला शिकायचं तर आपण मास्तर शोधतो, गाडी शिकायची तर क्लास लावतो. पळायचं म्हटलं की मात्र थेट दुकान गाठून महागडे बूट आणतो आणि सोमवारपासून सुटतो. पळायला काय शिकायचंय, लहानपणी येतच होतं की! येत होतं, खरंय. पण तेव्हा वजन तीस किलो होतं आणि दिवसाचे दहा तास खुर्चीत जात नव्हते.

आमच्या टीममधल्या एका मित्राने १ जानेवारीचा मुहूर्त धरला. पहिल्याच दिवशी तळजाईला न थांबता चार किलोमीटर. मग रोज. तिसऱ्या आठवड्यात गडी लिफ्टपर्यंत लंगडत यायला लागला. दोन्ही नडग्या आतल्या बाजूने ठणकत होत्या. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद केलं. "पण मला दम तर अजिबात लागत नव्हता रे!" हे त्याचं दुःख.

गोम नेमकी तिथेच आहे. हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात, काही आठवड्यांतच फरक जाणवतो. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या मात्र सरकारी वेगाने मजबूत होतात, त्यांना महिने लागतात. शिवाय नवा ताण पडला की हाड आधी जुना भाग थोडा पोखरतं आणि मग नवा भरतं. म्हणजे रस्त्याचं काम निघाल्यासारखंच. खोदलेल्या रस्त्यावरून रोज ट्रक नेला तर रस्ता खचणारच. म्हणून एक दिवस पळायचं, एक दिवस सुट्टी. ही सुट्टी म्हणजे आळस नव्हे, दुरुस्तीचा दिवस.

माझं पळणं सुरू झालं ते बाबांमुळे. ४९व्या वर्षी त्यांना ॲटॅक आला. छातीत जडपणा होता, घाम येत होता, आणि आमच्या घरात दोन तास "पित्त झालंय" म्हणून जिऱ्याचं पाणी चाललं होतं. वाचले, नशीब. मी आता ३६चा आहे. त्यामुळे बुटांच्या आधी डॉक्टर, हे आईने ठणकावून सांगितलं. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि घरचा इतिहास पाहून स्ट्रेस टेस्ट, एवढं झाल्यावर परवानगी मिळाली. प्रत्येकाला एवढ्या तपासण्या लागतातच असं नाही. पण घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झाला असेल, स्वतःला बीपी किंवा मधुमेह असेल, सिगरेट चालू असेल किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल, तर आधी विचारा.

इथे जिम फिक्सची गोष्ट आठवते. अमेरिकेत १९७७ साली त्याचं पळण्यावरचं पुस्तक तुफान खपलं. हा माणूस पस्तिशीत, जाडजूड आणि दिवसाला दोन पाकिटं सिगरेट ओढणारा असताना पळायला लागला आणि सडपातळ झाला. १९८४मध्ये, ५२व्या वर्षी, पळून झाल्यावर हृदयविकाराने गेला. रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. त्याचे वडीलही ४३व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. यावरून "पळणं वाईट" असा निष्कर्ष काढणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की पळण्याने वडिलांकडून आलेला वारसा पुसला जात नाही. तो तपासून घ्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष कृती. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या माणसाने नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला, 'काउच टू फाइव्ह के' नावाचा. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, असं वीस मिनिटं. वाचून हसू येतं. पण पुढे हळूहळू पळणं वाढत जातं आणि चालणं गळत जातं.

वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही", "थांब" एवढंच निघत असेल तर तुम्ही जोरात पळताय. टेकडीवर आजोबा चालत पुढे गेले तरी जाऊ द्यात.

फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा, आणि दोन्ही कानांत गाणी नकोत. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत घरी या. स्नायू आंबले तर ते आपोआप जातं. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दुखत असेल, तर थांबा आणि दाखवून घ्या. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यातलं काही झालं तर जिऱ्याचं पाणी नको, तडक हॉस्पिटल.

नऊ आठवड्यांचा तो कार्यक्रम मला चौदा आठवडे लागला. जो आठवडा जड गेला तो पुन्हा केला, बस. कुणी स्टेटस विचारला नाही, कुणी एस्कलेट केलं नाही. डेडलाइन नसलेलं माझ्या आयुष्यातलं हे एकमेव प्रोजेक्ट आहे, आणि त्यामुळेच ते अजून बंद पडलेलं नाही.